मार्चमध्ये नाल्याचं पाणी कुठं जातं?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या खेपेला सगळे प्रश्न नागपूरच्या आसपासच्या रानातल्या लहान नद्या-नाल्यांविषयीचे घेतले आहेत.

प्रश्न : देवलापारच्या बाजूला सागाच्या जंगलातून एक नाला वाहतो. दिवाळीला त्यात गुडघाभर पाणी असतं, होळीला नुसती रेती. जंगल पाणी धरून ठेवतं असं शाळेत शिकलो होतो. भोवती एवढं जंगल असूनही पाणी का टिकत नाही?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

शाळेत शिकवलं ते खरं आहे, पण अर्धं. जंगल पावसाला जमिनीत शिरायला मदत करतं. पालापाचोळा थेंबांचा मार झेलतो, मुळांनी भुसभुशीत केलेली माती पाणी लवकर पिते, उतारावरून धावत सुटणारं पाणी कमी होतं. मात्र आत शिरलेलं पाणी किती दिवस राहील हे जंगलाच्या हातात नसतं. ते खालचा दगड ठरवतो.

रामटेक, देवलापार, पेंच हा भाग नाइस आणि शिस्ट अशा जुन्या, कठीण खडकांचा. नागपूरच्या पश्चिमेला, हिंगणा-काटोलकडे, काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. यांच्या अखंड दगडात पाण्याला जागा जवळजवळ नसतेच. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. उतारावर हा मुरूम अनेकदा हात-दोन हातच असतो, खाली सखल भागात काही मीटर. एवढ्याशा टाकीत चार महिन्यांचा पाऊस मावत नाही. नागपूरला वर्षाला साधारण १,१०० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतो. टाकी भरली की उरलेलं पाणी वाहूनच जाणार. दिवाळीला तुम्ही जे गुडघाभर पाणी पाहता ते पावसाचं नाही. ती मुरमातली गळती आहे. रोज थोडी कमी होत ती माघ-फाल्गुनात थांबते.

शिवाय झाडं स्वतः पाणी पितात, हे आपण विसरतो. हे पाहायला यंत्र लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सलग चार-पाच दिवस आभाळ निरभ्र असलं की एखाद्या बारीक, संथ धारेच्या कडेला सकाळी सात वाजता पाण्याला अगदी लागून एक खुंटी ठोका. दुपारी तीन-चारला परत पाहा. पाणी खुंटीपासून बोटभर मागे सरकलेलं दिसू शकतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा खुंटीजवळ येतं. दिवसा काठावरची झाडं मुळांनी पाणी ओढतात, रात्री ओढ थांबते आणि धार सावरते. वर कुणी मोटार लावलेली नसेल तर हा फरक झाडांचा आणि थोडा उन्हाचा. मोठ्या नदीत तो लक्षात येत नाही, लहान नाल्यात स्पष्ट दिसतो.

म्हणून जंगल तोडलं तर पाणी वाढेल, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. पहिली एक-दोन वर्षं धार थोडी वाढल्यासारखी वाटेलही. पण उघड्या उतारावरची माती पुराबरोबर खाली येते, मुरमाची टाकी आणखी पातळ होते, आणि मग पूर मोठा नि धार तोकडी अशी दोन्हीकडून हानी होते.

आता होळीच्या रेतीबद्दल. रेती कोरडी दिसते म्हणून पाणी संपलं असं नाही, ते खाली गेलेलं असतं. हिशोब करून पाहा. पात्र ६ मीटर रुंद, रेतीचा थर १ मीटर जाड, लांबी १ किलोमीटर. एकूण रेती ६,००० घनमीटर. मध्यम जाडीच्या रेतीतून साधारण पाचवा भाग पाणी निथळून मिळू शकतं, म्हणजे १,२०० घनमीटर, बारा लाख लिटर. वरची रेती तापून कोरडी झाली की तीच झाकण बनते, आणि हात-दीड हाताच्या खाली सूर्याला फारसं पाणी उडवता येत नाही. नाल्यातली रेती उपसून नेली की हे बारा लाख लिटर साठवणारी जागाच जाते. मग काठच्या विहिरी आधी आटतात आणि लोक पावसाला दोष देतात.

हे पाणी शोधायची जागाही ठरलेली आहे. पात्रात जिथे आडवा खडक वर आला असेल, गारगोटीची शीर काठापासून काठापर्यंत गेली असेल, तिथे रेतीखालून सरकणारं पाणी अडतं. त्या खडकाच्या खालच्या अंगाला कोरडं असतं, वरच्या अंगाला झिरा, म्हणजे रेतीत लहान खड्डा, खणला की पाणी लागतं. जिथे असा खडक उघडा पडतो आणि त्याच्या पायथ्याशी पुराने खोल खड्डा कोरलेला असतो, तिथे डोह टिकतो. वळणाच्या बाहेरच्या अंगालाही डोह सापडतात, कारण तिथे धार काठावर आदळून तळ कोरते, आणि आतल्या अंगाला रेतीचं पोट सुटतं. खळखळ, डोह, पुन्हा खळखळ हा क्रम पात्राच्या रुंदीच्या साधारण पाच ते सात पटीवर येत राहतो. ६ मीटर रुंदीच्या नाल्यात ३०-४० मीटर चाललात की पुढचा डोह अपेक्षित धरा. पेंच नदीही एप्रिलअखेर पुष्कळ ठिकाणी आटते, पण डोह राहतात. तिकडे त्यांना 'कस्सा'ही म्हणतात, आणि रानातली जनावरं उन्हाळाभर त्यांच्यावर जगतात. पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचं नावच त्याची साक्ष आहे.

झाडांकडेही पाहा. काठाला अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर यांची हिरवी रांग दिसली की मुळांना उन्हाळ्यातही ओल मिळते असं समजा. ती रांग तुटून धावडा नि सालई सुरू झाली की खडक जवळ आहे, माती उथळ आहे. सागाला निचऱ्याची जमीन लागते, तो थेट ओलीत फार खूश नसतो. ऐन मात्र ओल धरणाऱ्या भारी मातीतही तग धरतो. एप्रिलमध्ये उंचावरून दरीकडे पाहिलं तर राखाडी सागाच्या मधून नागमोडी गेलेली हिरवी रेघ दिसते. नदीचा याहून चांगला नकाशा नाही.

एक सांगणं आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या किंवा राखीव वनाच्या हद्दीत झिरा खणणं, पात्रातून पायी फिरणं हे परवानगीशिवाय करता येत नाही. मार्चनंतर तर डोहाच्या जवळपासही जाऊ नका. तिथे तुमच्याआधी दुसरं कुणी पाण्यावर आलेलं असतं.

प्रश्न : नववीच्या मुलांकडून एका लहान नदीचा प्रकल्प करून घ्यायचा आहे. नकाशावरून तिचं पाणलोट क्षेत्र आणि उतार कसा काढायचा?
— एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा घ्या. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तो उतरवून घेता येतो. जुन्या क्रमांकांनुसार नागपूर शहर ५५ ओ/४ मध्ये, रामटेक ५५ ओ/७ मध्ये आणि त्याला लागून उत्तरेचा भाग ५५ ओ/६ मध्ये येतो. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे मागताना गावाचं नाव सोबत द्या. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बदलतं आणि पुढची सगळी मोजणी चुकते. छापल्यावर नकाशावरची किलोमीटरची पट्टी मोजपट्टीने तपासा. १ किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर भरला पाहिजे.

तपकिरी रेघा म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. या नकाशांवर दोन रेघांमध्ये सहसा २० मीटर उंचीचा फरक असतो, तरी तळाची टीप वाचून खात्री करा. काळ्या रेघेने दाखवलेला नाला कोरडा, निळा म्हणजे पाण्याचा. काठाशी एखाद्या अंकापुढे बारीक रोमन 'आर' दिसलं तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, तो काठ पात्राच्या तळापासून किती मीटर उंच आहे ते सांगणारा आकडा आहे. मुलं इथे हटकून गोंधळतात.

आता नदी जिथे मोठ्या नदीला मिळते तिथे ट्रेसिंग पेपरवर खूण करा. तिथून एका बाजूने चढायला लागा. समोच्च रेषा दरीत शिरताना आपलं टोक उंच भागाकडे करतात आणि सोंडेवर उतरताना सखल भागाकडे. तुमची रेघ नेहमी सोंडेवरून, डोंगराच्या धारेवरून गेली पाहिजे आणि प्रत्येक समोच्च रेषेला काटकोनात छेदली पाहिजे. माथ्यावरून फिरत दुसऱ्या बाजूने पुन्हा खुणेपाशी या. झालं पाणलोट. ताळा एकच: तुमच्या रेघेने शेवटच्या खुणेखेरीज एकही नाला, कितीही बारीक असो, ओलांडता कामा नये. ओलांडला असेल तर तेवढा भाग चुकला. सगळ्यात जास्त चुका खिंडीत होतात, कारण तिथे दोन बाजूंचे नाले एकमेकांच्या अगदी जवळ उगम पावतात.

क्षेत्रफळासाठी ट्रेसिंगवर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा. एक चौकोन म्हणजे १ चौरस किलोमीटर. पूर्ण चौकोन मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेला पूर्ण धरा, कमी असेल तो सोडून द्या.

लांबीसाठी शिवणाचा दोरा ओला करून वळणांवर बसवत न्या, मग सरळ करून मोजा. प्रत्यक्षातली लांबी याहून थोडी जास्तच असते, कारण लहान वळणं नकाशात सरळ होतात. उतार म्हणजे उगमाची उंची वजा मुखाची उंची, भागिले लांबी. उगम ५०० मीटरवर, मुख ३६० मीटरवर आणि लांबी १४ किलोमीटर असेल तर किलोमीटरला १० मीटर. पण एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक समोच्च रेषा नदीला कुठे छेदते ते अंतर मोजून आलेखावर मांडायला सांगा. आलेख उगमाशी उभा आणि खाली पसरट असा आला पाहिजे. मध्येच पायरीसारखा उभा झाला तर तिथे कठीण खडक, धबधबी किंवा बंधारा असणार. मुलांनी तेवढी एक जागा शिक्षकांसोबत प्रत्यक्ष जाऊन पाहिली तरी प्रकल्प सार्थकी लागला.

नाल्यांची श्रेणी लावायची असेल तर अगदी टोकाचे बिनफाट्याचे ओहोळ पहिल्या श्रेणीचे. पहिलीचे दोन मिळून दुसरी, दुसरीचे दोन मिळून तिसरी. दुसरीला पहिली येऊन मिळाली तर ती दुसरीच राहते.

प्रश्न : वाडीच्या पलीकडे लाव्हा गावाच्या टेकड्यांवर पडणारा पाऊस नाग नदीत येतो हे माहीत आहे. टेकडीच्या दुसऱ्या बाजूचं पाणी कुठे जातं?
— एक वाचक, वाडी

पश्चिम-दक्षिण अंगाचं पाणी वेणा नदीकडे जातं. वेणा बुटीबोरी, हिंगणघाटकडून वर्धा नदीला मिळते. पूर्व अंगाचं नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे त्या माथ्यावर वीतभर अंतराने पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर वेगवेगळे फिरून पुन्हा एकाच पात्रात येतात. मेळघाटातल्या सिपना नदीचं तसं नाही. ती तापीची, तिचं पाणी पश्चिम समुद्राला जातं.

प्रश्न : नाल्यातून सेकंदाला किती पाणी वाहतं हे साध्या साधनांनी मोजता येईल का? महागडं यंत्र आमच्याकडे नाही.
— एक विद्यार्थी, कामठी

येईल. दोरी, मोजपट्टी, घड्याळ आणि एक संत्रं लागेल.

संत्रंच घ्या, थर्मोकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली नको. त्या पाण्याच्या वर राहतात, वारा त्यांना ढकलतो आणि वेग खोटा येतो. संत्रं बहुतेक बुडून तरंगतं, त्यामुळे पाण्याच्या वेगाने जातं, आणि रंगामुळे लांबूनही दिसतं. सोलू मात्र नका, सालीत हवा असते तोवरच ते तरंगतं.

१० मीटरचा सरळ, सारख्या रुंदीचा तुकडा निवडा. डोह नको, तिथे पाणी साचून असतं. खळखळाट नको, तिथे ते दगडांवर उड्या मारतं. दोघांच्या मधला, पृष्ठभाग सपाट पण सरकता दिसतो तो भाग हवा. दोन्ही टोकांना आडव्या दोऱ्या बांधा. मधोमध आणखी एक दोरी ताणून तिच्यावर दर अर्ध्या मीटरला खूण करा आणि प्रत्येक खुणेखाली खोली मोजा.

समजा पात्र ३ मीटर रुंद आहे आणि खोल्या अशा मिळाल्या: काठावर ०, मग १२, २०, २५, १८, १० सेंटिमीटर, पुन्हा काठावर ०. बेरीज ८५ सेंटिमीटर, म्हणजे ०.८५ मीटर. तिला अर्ध्या मीटरने गुणा. छेदाचं क्षेत्रफळ ०.४२५ चौरस मीटर. आता संत्रं वरच्या दोरीच्या दोन-तीन मीटर आधी सोडा, म्हणजे दोरीपाशी येईपर्यंत त्याने पाण्याचा वेग घेतलेला असेल. पाच-सहा वेळा सोडा, एकदा मध्यावर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. काठाला अडकलेली फेरी मोजू नका. सरासरी २५ सेकंद आले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. हा वरचा वेग आहे. तळाशी पाणी दगडांना घासत हळू जातं, म्हणून गोट्यांच्या तळासाठी ०.८ ने आणि साफ रेतीच्या तळासाठी ०.८५ ने गुणा. इथे ०.८ धरू. ०.४ × ०.८ × ०.४२५ म्हणजे ०.१३६ घनमीटर. सेकंदाला १३६ लिटर.

या पद्धतीत वीस टक्क्यांची चूक सहज होते. तिचा उपयोग एकदा मोजून आकडा सांगायला नाही. त्याच जागी, त्याच खुणांवर दर पंधरवड्याला मोजून घट कशी होते ते पाहण्यासाठी आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे दहा आकडे एका कागदावर मांडले की त्या नाल्याच्या पोटातली टाकी केवढी आहे हे कळतं. रेघ झपाझप उतरली तर मुरूम पातळ, हळूहळू उतरली तर साठा चांगला.

धार दहा सेंटिमीटरहून उथळ झाली की संत्रं तळाला घासतं. मग पत्र्याला किंवा फळीला नव्वद अंशांची व्ही-आकाराची खाच पाडून ती मातीने आडवी गच्च बसवा. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेच्या तोंडाशी नाही. तोंडाशी पाणी वाकून खाली गेलेलं असतं. हातभर मागे, जिथे पाणी सपाट आहे तिथे मोजा. उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या जरा वर, १० असेल तर सुमारे ४.४ लिटर, २० असेल तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरचीही हयगय चालत नाही. खालून किंवा बगलेतून पाणी झिरपत असेल तर सगळं मोजमाप वाया. फळी बसवल्यावर अर्धा तास थांबून ओल कुठे फुटते ते आधी पाहा.

प्रश्न : डोक्यावर ऊन असताना रानातल्या नाल्याला अचानक लोंढा येतो. आधी ओळखायचा कसा?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

ऊन तुमच्या डोक्यावर असतं, पाऊस वर माथ्यावर पडलेला असतो. वर सांगितलेला १४ किलोमीटर लांब, किलोमीटरला १० मीटर उताराचा नाला धरला तर टोकाचं पाणी मुखापर्यंत यायला तीन तासांच्या आसपास लागतात. ४ किलोमीटरचा, दुप्पट उताराचा नाला असेल तर तासाभरातच. म्हणून नाला जितका लहान आणि दरी जितकी उभी, तितका धोका लवकर येतो. ३० चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर ५० मिमी पाऊस पडला तर ते १५ लाख घनमीटर पाणी होतं. त्यातलं तिसरा हिस्सा जरी दहा तासांत वाहून आलं तरी सेकंदाला चौदा घनमीटर. जिथे सकाळी संत्रं सोडून १३६ लिटर मोजलं तिथे शंभर पट.

खुणा या क्रमाने येतात. आधी पाण्यावर सुकी पानं, काड्या आणि फेस वाढतो, कारण चढतं पाणी काठचा कचरा उचलतं. मग रंग बदलतो, स्वच्छ धारेत चहासारखी छटा येते. त्याच सुमारास खळखळ मंद होते. याने लोक फसतात. दगड पाण्याखाली गेले म्हणून आवाज कमी झालेला असतो, पाणी ओसरलं म्हणून नाही. यातली एक खूण दिसली तरी सामान गोळा न करता काठ चढा. किती वर जायचं ते झाडं सांगतात: फांद्यांत अडकलेला जुना पाचोळा, गवताच्या वाळक्या झुलपा जिथपर्यंत दिसतात त्याच्याही वर.

गढूळ पाण्यात गुडघ्याच्या वर खोली असेल तर उतरू नका. तळातले गोटे सरकत असतात आणि ते दिसत नाहीत. लहान नाला चढतो तसाच काही तासांत उतरतोही. त्या वेळात काठावर बसून राहणं हाच उपाय. नागपूरच्या भूगर्भाचा पाया घालणारे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं महाविद्यालय शहरात आहे, ते ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून गेले. इथले खडक आणि नाले त्यांच्याइतके पायी पाहिलेली माणसं त्या काळी विरळाच होती.

प्रश्न : गावाजवळच्या नाल्यावर श्रमदानाने वनराई बंधारा घालायचा आहे. मागच्या वर्षी घातला, पण पंधरा दिवसांत पाणी खालून निघून गेलं. काय चुकलं?
— एक ग्रामपंचायत सदस्य, पारशिवनी तालुका

वनराई बंधारा म्हणजे भरलेल्या पोत्यांचा हंगामी बांध. तुमची पोती रेतीवर ठेवली गेली असणार. वर पाणी साठलं की त्याचा दाब रेतीतून वाट काढतो, बारीक कण ओढून नेतो, आणि पोत्यांच्या खाली बोगदा तयार होतो. बंधारा जागेवर उभा दिसतो नि पाणी नसतं.

जागा निवडण्यापासून सुरुवात करा. उभ्या उतारावर बंधारा फळत नाही. किलोमीटरला १० मीटर उतार असेल तर १ मीटर उंच बंधाऱ्यामागे पाणी फक्त १०० मीटर पसरतं. ६ मीटर रुंदीच्या पात्रात तो साठा सुमारे ३०० घनमीटर, तीन लाख लिटर. तोच बंधारा किलोमीटरला २ मीटर उताराच्या जागी घातला तर पाणी ५०० मीटर मागे जातं, पाचपट. नाला जिथे सपाट होतो, पात्र अरुंद आहे, दोन्ही काठ पक्के आहेत आणि तळाशी खडक जवळ आहे, अशी जागा पाहा. आडव्या खडकाची शीर मिळाली तर तिच्यावरच उभा करा.

काम पाऊस थांबल्यावर, धार वाहती असतानाच करायचं, ऑक्टोबरच्या सुमारास. उशीर केला तर अडवायला पाणीच राहत नाही. बंधाऱ्याच्या रेषेत रेती काढून खडक किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत चर घ्या. दोन्ही काठांत हात-दीड हात आत शिरा, कारण खालून वाट मिळाली नाही तर पाणी बगलेतून पळतं. चरात काळी चिकण माती थराथराने ओली करून तुडवून भरा. मग पोती. सिमेंटची रिकामी पोती पाऊण भरा, तोंड शिवा किंवा तारेने बांधा. काठोकाठ भरलेलं पोतं गोल होतं, शेजारच्याला चिकटत नाही आणि फट राहते. पाऊण भरलेलं पोतं तुडवलं की चपटं बसतं. विटांसारखे सांधे चुकवत रचा. तळाशी दीड मीटर, माथ्यावर ६० सेंटिमीटर रुंदी ठेवा. ६ मीटर लांब, १ मीटर उंच बंधाऱ्याला सव्वादोनशे ते अडीचशे पोती लागतात, काठात शिरलेल्या भागासाठी पन्नासेक वेगळी धरा. मधोमध दोन रांगांच्या मध्ये काळ्या मातीची भिंत आली तर पाणी टिकतं. नुसत्या रेतीच्या पोत्यांनी टिकत नाही. माथा मध्यभागी एका पोत्याने खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथूनच सांडेल, काठ खाणार नाही. सांडतं तिथे खाली दगड पसरा.

पहिले आठ दिवस रोज सकाळी खालच्या अंगाला फिरून या. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर चालेल. झिरपणारं पाणी गढूळ असेल तर माती वाहतेय, त्याच दिवशी वरच्या अंगाने चिकण माती तुडवून भरा. मे अखेर पोती काढा. राहिली तर पहिल्या पुरात काठ फुटतो आणि प्लास्टिकच्या चिंध्या कन्हानपर्यंत जातात.

जागा वनहद्दीत असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, श्रमदान असलं तरी.

प्रश्न : नदीचा डावा काठ कुठला?
— एक विद्यार्थिनी, सावनेर

पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहा. डाव्या हाताला असतो तो डावा काठ.